उत्सव दहा दिवसांचा, अभ्यास तीन वर्षांचा
म्हसळ्यासारख्या तालुक्यातील शाळांच्या वाद्यपथकासाठी एक आखणी

भाद्रपद जवळ आला, की म्हसळ्याच्या बाजारपेठेत चाकरमान्यांची वर्दळ सुरू होते. लावणी उरकून खाचरे हिरवीगार झालेली असतात, घरोघर माळे-माडी झाडून मखराची तयारी चाललेली असते, आणि गावोगावच्या नाच मंडळांत जाखडीच्या पावलांची उजळणी रात्री उशिरापर्यंत ऐकू येते. याच सुमारास अनेक शाळांतून एक उत्साही कल्पना पुढे येते. यंदा मिरवणुकीला आपल्या मुलांचे वाद्यपथक काढावयाचे! मग कोठून तरी ढोल उसने आणले जातात, लेझिमांवरचा गंज पुसला जातो, दहा-पंधरा दिवस मैदान दणाणून सोडले जाते. विसर्जन पार पडते, पालक कौतुक करतात, आणि दुसऱ्या दिवशी ती सारी वाद्ये अडगळीच्या खोलीत जाऊन पडतात. पुढल्या वर्षी नवी मुले, नवे पंधरा दिवस आणि पुन्हा श्रीगणेशापासून आरंभ.

उत्साहाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या देवतेला आपण चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती म्हणून पूजतो, तिच्यापुढे वाजणारे वाद्य हीही एक विद्याच आहे, हे मात्र आपण विसरत चाललो आहोत. गणिताची परीक्षा पंधरा दिवसांच्या घोकंपट्टीवर पार पडत नाही, हे प्रत्येक पालक जाणतो. मग वाद्यवादनच तेवढे पंधरा दिवसांत येते, असे आपण का मानावे? शाळेचे वाद्यपथक म्हणजे मिरवणुकीची सोय नव्हे. तो वर्षानुवर्षे चालणारा अभ्यास आहे, आणि त्याला इतर विषयांप्रमाणेच क्रम, वेळ, शिक्षक आणि कसोटी हवी. तसे घडले नाही, तर आपल्या गावचा नादही हातचा जाईल आणि मुलांचे कानही, हा खरा धोका आहे.

नादाची शिस्त परंपरेचीच

भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायात वाद्यांचे एक विलक्षण वर्णन आहे. भीष्माचार्यांच्या शंखनादामागोमाग कौरवसेनेत शंख, भेरी, पणव, आनक आणि गोमुख ही वाद्ये एकाएकी वाजू लागतात. पांडवांकडे मात्र आधी श्रीकृष्णांचा पाञ्चजन्य, मग अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौण्ड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष आणि सहदेवाचा मणिपुष्पक असा नामनिर्देश येतो. प्रत्येकाचे वाद्य वेगळे, त्या वाद्याला स्वतःचे नाव, आणि वाजण्यालाही एक क्रम. समूहात राहूनही ज्याचा-त्याचा नाद ओळखता यावा, ही वाद्यपथकाची पहिली अट त्या अध्यायातही दिसते, असे म्हणावयास हरकत नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तर वाद्यांची शास्त्रशुद्ध विभागणीच केलेली आहे. तारांची ती तत वाद्ये, फुंकीची ती सुषिर, कातड्याने मढविलेली ती अवनद्ध आणि धातूची ती घन. आज पृथ्वीच्या पाठीवरील कोणत्याही वाद्यवृंदाचे वर्णन या चार शब्दांत करता येईल. मुलांना वाद्यांची ओळख करून देणारा पहिला धडा यापेक्षा चांगला कोणता असू शकेल? घरातील देव्हाऱ्यापासूनच आरंभ करावा. घंटा घन, शंख सुषिर, भजनातला मृदंग अवनद्ध आणि कोणाच्या घरी एकतारी असेल तर ती तत. चारही वर्ग मुलाच्या परिचयाचेच निघतात.

आपला खालूबाजा

दापोली-मंडणगडापासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्याला स्वतःचा असा एक वाद्यमेळ लाभलेला आहे. तो म्हणजे खालूबाजा. सनई, ढोल, टिमकी आणि झांज एवढ्या मोजक्या वाद्यांवर या भागातील लग्ने लागली, शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालख्या नाचल्या आणि गणरायाला निरोप दिला गेला. सुषिर, अवनद्ध आणि घन असे तीन वर्ग चार-पाच माणसांच्या त्या मेळात नांदतात. त्याच्या जोडीला गौरी-गणपतीतील जाखडी आहे. तीत मृदंग-ढोलकीचा ठेका, झांजांची साथ आणि घुंगरू बांधलेल्या पावलांचा फेर, तोही सवाल-जबाबाच्या गाण्यांसह.

ही कला कागदावर फारशी उतरलेली नाही. ती बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे कानांनी आणि हातांनी गेली. आता तो पुतण्या मुंबईला असतो. ढोल वाजविणाऱ्या हातांची पुढची पिढी गावात उरलेली नसेल, तर म्हातारपणाने ते हात थांबल्यावर त्यांच्यातला ठेकाही थांबणार. पुस्तक हरवले तर दुसरी प्रत मिळते. वाजविणारा गेला तर प्रत मिळत नाही. आणि ती रिकामी जागा कोण भरतो, हे आपण सारेच पाहतो. वाहनावर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती ती भरून काढतात. म्हणूनच शाळेच्या वाद्यपथकाचा अभ्यासक्रम हा केवळ मुलांच्या हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. गावाचा नाद पुढच्या पिढीपर्यंत पोहोचविण्याचे ते बहुधा अखेरचे साधन आहे.

ज्यांनी क्रम घालून दिला

संगीत क्रमाक्रमाने, पुस्तकावरून आणि शाळेच्या वर्गात शिकविता येते, हा विश्वास महाराष्ट्राला ज्यांनी दिला त्यांचे स्मरण गणेशोत्सवात अगत्याने व्हावयास हवे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी गोकुळाष्टमीला मुंबईत वाळकेश्वर येथे झाला, आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. घराण्याघराण्यांत जपून ठेवलेल्या चिजा त्यांनी मिळविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि सोप्यापासून अवघडापर्यंत अशा क्रमाने सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत मांडल्या. त्या मालिकेच्या नावातला ‘क्रमिक’ हा शब्दच आपल्याला आज हवा आहे.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी गायनाची तालीम घेतली. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. मुलांसाठी ‘संगीत बालबोध’, ‘संगीत बालप्रकाश’ अशी पुस्तके त्यांनी स्वतः लिहिली. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यवर्गाने गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा ज्या पायऱ्या आज खेड्यापाड्यांतील मुलेही चढतात, त्या या परंपरेच्या आहेत. एका पायरीवर पाय स्थिरावल्यावाचून दुसरीवर ठेवावयाचा नाही, एवढाच त्यांचा अर्थ.

समूहवादनाचे उदाहरण हवे असेल तर मध्य प्रदेशातील मैहरकडे पाहावे. शारदादेवीच्या त्या क्षेत्री उस्ताद अल्लाउद्दीन खाँ संस्थानच्या सेवेत होते. १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात आईबाप गमावलेली मुले त्यांनी गोळा केली आणि त्यांच्यातून एक वाद्यवृंद घडविला. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी ‘नलतरंग’ नावाचे वाद्य तयार करविले. ज्या नळीतून गोळी सुटावयाची तिच्यातून स्वर निघू लागला. हा मुसलमान उस्ताद शारदेचा निस्सीम भक्त होता. म्हसळ्यासारख्या गावी, जेथे हिंदू आणि मुसलमान मुले एकाच शाळेच्या वर्गांत बसतात, तेथे ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. शाळेचे पथक साऱ्या शाळेचे असते. मिरवणुकीत कोणी यावे हे ज्याच्या-त्याच्या घराने ठरवावे; परंतु तालाचा तास सर्वांचा असला पाहिजे.

आणि खुद्द गणेशोत्सवाला तर विद्यार्थ्यांच्या समूहशिक्षणाची परंपराच आहे. लोकमान्यांनी १८९३ साली सार्वजनिक उत्सवाची हाक दिली, आणि १८९४ पासून पुण्यात मेळे गाजू लागले. त्या मेळ्यांतली मुले पदे पाठ करीत, एका पावलाने चालत, एका सुरात गात. अलीकडच्या काळात पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने हा धागा पुन्हा उचलला. १९६२ साली ही संस्था स्थापन करणारे डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे यांच्या प्रेरणेने खेड्यांतील ढोल आणि बर्चीनृत्य शाळकरी मुलांच्या हाती आले, आणि विसर्जन मिरवणुकीचे रूपच पालटले. गावचे वाद्य शाळेत आणले की ते शहरालाही शोभा देते, हा त्यातून घ्यावयाचा धडा होय. मग ते ज्या गावचे आहे, तेथील शाळेनेच ते का शिकवू नये?

पहिले वर्ष : कान, टाळी आणि पाऊल

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. सहावी, सातवी आणि आठवी या तीन इयत्ता पथकाच्या मानाव्यात. नववीची मुले मदतनीस म्हणून राहावीत आणि दहावीच्या मुलांना मोकळे ठेवावे. आठवड्याला दोन तास मिळाले आणि वर्षात पस्तीस आठवडे हाती आले, तर एका वर्षाचे सत्तर तास होतात. सत्तर तास थोडे नव्हेत. मात्र ते भाद्रपदात एकवटून नव्हे, तर जूनपासून मार्चपर्यंत समान वाटलेले असावेत.

पहिल्या वर्षी ढोल हाती देऊ नये. हे वाक्य मुलांना कडू लागेल, पण सारा अभ्यासक्रम त्यावर उभा आहे. या वर्षी मुलाने ऐकावयास, मोजावयास आणि चालावयास शिकावे. आठ मात्रांचा केरवा टाळीने धरावा, तोंडाने बोल म्हणावेत, मग तोच पावलांत आणावा. दर दोन मात्रांना एक पाऊल टाकले, तर आठ मात्रांत चार पावले होतात आणि प्रत्येक आवर्तनाची सम डाव्या पावलावरच येते. म्हणून आरंभ आठ मात्रांचा. पुढे सहा मात्रांचा दादरा घ्यावा. तेथेही दर दोन मात्रांना पाऊल टाकले तर तीनच पावले होतात, आणि सम एकदा डाव्या तर एकदा उजव्या पायावर पडते. मुले हमखास गोंधळतात. मग पाऊल दर तीन मात्रांना टाकून पाहावे, गुंता सुटतो. हे एकदा पायाला कळले, की ताल म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. गणिताच्या शिक्षकांनीही या तासाला यावे, इतका तो त्यांचा विषय आहे.

या वर्षीची वाद्ये दोनच, झांज आणि लेझीम. लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि तिच्यातील चकत्या एवढेच लेझीमचे भांडवल. पण शरीराची हालचाल आणि नाद एकाच वेळी साधावयास शिकविणारे दुसरे इतके स्वस्त वाद्य नाही. त्याच्या जोडीला गाणे हवेच. समर्थ रामदासांच्या नावावर असलेली गणपतीची आरती प्रत्येक मुलाला पाठ असते, पण ती सर्वांनी एका लयीत, शेवटी वेग न वाढविता म्हणून दाखवावी. ही पहिल्या वर्षाची परीक्षा समजावी. घरच्या आरतीला हा प्रयोग वाचकांनीही करून पाहावा. किती अवघड आहे ते ध्यानात येईल.

दुसरे वर्ष : हात आणि वाद्याची निगा

दुसऱ्या वर्षी ढोल आणि टिमकी येते. जेथे ताशाची प्रथा आहे तेथे ताशा. प्रत्येकाने दोन्ही बाजू शिकाव्यात. ढोलाचा एक हात टिपरूचा आणि दुसरा थापीचा, तर ताशा-टिमकीला दोन काड्या आणि मोकळे मनगट. पहिली तीन महिने वाद्य न घेता पाटावर किंवा जुन्या रबरी तुकड्यावर हात बसवावा. आवाज न करता सराव करण्याचा हा मार्ग शेजारच्या वर्गालाही मानवतो.

वाद्याची निगा हा या वर्षीचा स्वतंत्र धडा असावा, कारण आपण कोकणात राहतो. येथे पावसाळ्यात दमट हवेने कातडे सैल पडते. ऐन उत्सवात, म्हणजे भर पावसाळ्यात, ढोल दबलेला वाजतो, आणि तो उघडा वाजावा म्हणून मुले अधिक जोराने मारू लागतात. त्याने ढोलही फाटतो आणि हातही दुखावतो. दोऱ्या ओढून वाद्य चढवावे कसे, जाळापासून किती अंतरावर शेकवावे, कोरड्या कापडाने पुसून उंच जागी ठेवावे कसे, हे जाणत्या वादकाकडूनच शिकावयाचे. वाद्याला पाय लागू नये, वाजविण्यापूर्वी त्याला नमस्कार करावा, ही आपली जुनी रीत मुलांना निगेच्या अंगाने सहज पटते. विजयादशमीला शस्त्रांबरोबर वाद्यांचे पूजन करण्यापूर्वी ती मुलांनीच स्वच्छ केलेली असावीत.

सुरांची ओळखही याच वर्षी करून द्यावी. सनईची पत्ती आणि तिला लागणारा दम लहान मुलाला झेपत नाही. ती या वर्षी ऐकावयाची. हाती बासरी किंवा पेटी द्यावी. पाच स्वरांचा भूप प्रथम घ्यावा, आणि परिपाठाची प्रार्थना वाद्यावर वाजविता आली म्हणजे वर्षाचे सार्थक झाले.

तिसरे वर्ष : मेळ

तिसऱ्या वर्षी मुले एकत्र वाजवितात. आता शिकावयाचे ते दुसऱ्याचे ऐकणे आणि म्होरक्याचा हात पाहणे. यात एक छोटे विज्ञान आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे मिरवणुकीत चौतीस मीटर मागे असलेल्या मुलाला पुढचा ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, आणि तो उशीर मात्रेच्या पाचव्या हिश्शाइतका होतो. मागची मुले कानावर विसंबली की पथक फाटते, ते यामुळे. म्हणून पथक आखूड आणि रुंद असावे, आणि म्होरक्याचा हात सर्वांना दिसावा.

या वर्षी मुलांनी खालूबाजाची किमान एक चाल जाणत्या वादकाकडून जशीच्या तशी उचलावी, तिचे बोल स्वतःच्या वहीत लिहावेत आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून शाळेच्या संग्रहात ठेवावे. अशी दहा वर्षे गेली तर त्या शाळेजवळ आपल्या भागाच्या नादाचा असा ठेवा जमेल, जो पैशाने मिळणार नाही. ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांच्यासाठी वाटही आहे. प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने अलीकडे शालेय बँडच्या राष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या आहेत. त्यांत ब्रास बँड आणि पाईप बँड यांना स्थान असते. ती वाद्ये निराळी असली, तरी ज्याचा ताल आणि पाऊल पक्के आहे त्याला नवे वाद्य परके वाटत नाही.

पंचांग हेच वेळापत्रक

या अभ्यासाला निराळे प्रसंग शोधावे लागत नाहीत. आपले पंचांग ते देते. आषाढी एकादशीच्या दिंडीत पहिल्या वर्षाच्या मुलांनी झांजा वाजवाव्यात. गुरुपौर्णिमेला वादकाचा सत्कार व्हावा. गोकुळाष्टमीला लेझीम, गणेशोत्सवात तिसऱ्या वर्षाचे पथक, नवरात्रात वाद्यपूजन, माघी गणेशजयंतीला दुसऱ्या वर्षाचे पहिले जाहीर वादन, आणि शिमग्याला पालखीमागे मोठ्यांच्या मेळात मुलांची साथ. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी हे तर शाळेचेच सण. अशा रीतीने भाद्रपद हा वर्षाचा शेवट किंवा आरंभ न राहता मधली एक पायरी होतो. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. तो मान सार्थ करावयाचा तर उत्सवात वाजणारे हात शिकलेले असावेत.

येथे एक व्यवहाराची अडचण आहे. वाड्यावस्त्यांवरील अनेक शाळांत मुलांची संख्या फारच थोडी असते. पंधरा-वीस मुलांच्या शाळेत वेगळे पथक कसे निघणार? त्यासाठी केंद्रशाळा हा घटक धरावा. आठवड्याचा एक तास आपापल्या शाळेत आणि दुसरा शनिवारी सकाळी केंद्रशाळेत झाला, तर चार-पाच गावांचे मिळून एक चांगले पथक उभे राहते. वाद्येही एकदाच घ्यावी लागतात.

गुरूचे आसन

शिकवावयाचे कोणी? शाळेत संगीतशिक्षक असेलच असे नाही. पण गावात गुरूंची वाण नाही. भजनी मंडळाचे बुवा लय शिकवितील, क्रीडाशिक्षक पाऊल शिकवितील आणि खालूबाजाचे वादक हात शिकवितील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सुचविलेली आहे. स्थानिक कारागीर आणि कलावंत यांच्याजवळ बसून मुलांनी काही शिकावे, हा तिचा हेतू. ते दहा दिवस वादकांच्या अंगणात जावोत.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलावयास हवी. ज्यांच्या वाद्याखेरीज आपले एकही मंगलकार्य पार पडले नाही, त्या वाजंत्र्यांना आपण अनेकदा मांडवाच्या कडेला बसविले आणि पंगतीला शेवटी बोलाविले. देवाच्या पुढे चालणारा माणूस माणसांच्या मागे का बसावा? त्याला शाळेत बोलवावयाचे तर खुर्चीवर बसवून, ‘गुरुजी’ म्हणून, आणि ठरलेले मानधन वेळेवर देऊन बोलवावे. मुलांनी त्याच्या पाया पडावे. एवढे झाले तर त्याचा स्वतःचा नातूही ढोलाकडे लाजेने नव्हे, अभिमानाने पाहील. मुलींनाही या तासाला समान जागा असावी. ताल धरावयास लागणारे बळ मनगटाचे असते, आणि ते सरावाने येते.

कान, पाठ आणि शांतता

मुलांच्या देहाचा विचार आपण वाद्याच्या आधी केला पाहिजे. २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे ठरविले आहे. चाळीस किलो वजनाच्या मुलाला चार किलो. मग त्याच मुलाच्या गळ्यात तासन्तास मोठा ढोल अडकविताना हा हिशेब आपण का सोडावा? लहान आकाराचे ढोल घ्यावेत, पट्टा मानेवर न टाकता खांद्यावरून तिरका घ्यावा, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी वादक बदलावा. वाजविणाऱ्या मुलांच्या कानांत बोळे असावेत. एकदा गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही.

ऐकणाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्राची तरतूद केली आहे. हे नियम मुलांना पाठ करविण्यापेक्षा वाजविता वाजविता शिकवावेत. दवाखान्याची इमारत दिसली की म्होरक्याने हात वर करावा, आणि साऱ्या पथकाने एका मात्रेवर थांबून केवळ पावलांच्या तालावर पुढे जावे. आजारी माणसाच्या दारावरून नि:शब्द जाणारी ती मिरवणूक देवाला अधिक आवडेल, यात शंका नाही.

कसोटी

परीक्षा घ्यावयाची तर गुणांची नको. चार प्रश्न पुरेत. शेजारचा चुकला तरी याचा ताल टिकतो काय? याला हळू वाजविता येते काय? सर्वांबरोबर एका मात्रेवर थांबता येते काय? आणि वाद्य खाली ठेवल्यावर तो ते पुसून जागेवर ठेवतो काय? जोराने वाजविणे हा प्रश्न यादीत नाही, कारण ते शिकवावे लागत नाही. या चारही प्रश्नांना ज्याने होकार मिळविला त्याने वाद्याबरोबर संयमही शिकला. तो पुढे मुंबईला गेला, कारखान्यात किंवा कचेरीत लागला, तरी चारचौघांत मिळून काम करताना ते शिक्षण त्याच्या उपयोगी पडेल. आणि तो भाद्रपदात गावी परतला, की त्याचा हात आपोआप ढोलाकडे जाईल.

यंदाच्या उत्सवात पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांनी एवढेच करावे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वाद्ये अडगळीत जाऊ देऊ नयेत. त्या आठवड्यातच दोन तास वेळापत्रकात घालून घ्यावेत, आणि गावातील एका वृद्ध वादकाच्या घरी नारळ घेऊन जावे. श्रीगजानन विद्येचा दाता आहे. आपल्या मुलांच्या हातून त्याच्यापुढे वाजणारा प्रत्येक ठोका शिकलेला, मोजलेला आणि मनापासून वाहिलेला असो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.